वाळू गाळणी, पोहण्याच्या तलावाची

पोहण्याच्या कृत्रिम तलावातील पाणी पंपाने खेचून वाळूच्या थरातून जाऊ देणाऱ्या, त्यातील निलंबित (तरंगता) मळ अडवून धरणाऱ्या व निवळलेले पाणी पुन्हा तलावात सोडणाऱ्या बंदिस्त टाकीस तलावाची वाळू गाळणी म्हणतात. हॉटेले, क्रीडासंकुले व अलीकडे खाजगी बंगले आणि शेतघरे यांच्या तलावांना बहुधा याच प्रकारची गाळणी बसविलेली असते. सातारा जिल्ह्यातील वाई, पाचगणी व महाबळेश्वर या परिसरात आणि सांगली–मिरज भागात अशा लहान तलावांची संख्या वाढली आहे. या गाळणीची निगा वरकरणी सोपी वाटते. तथापि कृष्णाकाठचे गढूळ पाणी, पूर्वेकडील तालुक्यांतील जड पाणी आणि या दोन्ही जिल्ह्यांतील पाण्याची विषम उपलब्धता यांमुळे तिला येथे काही खास प्रश्न चिकटले आहेत.

या प्रदेशात पोहणे शिकण्याची परंपरागत ठिकाणे म्हणजे नदीचा डोह आणि शेतातील विहीर. पाठीला वाळलेला भोपळा बांधून मुलांना विहिरीत सोडीत असत. साताऱ्याजवळील लिंब येथील अठराव्या शतकातील बारा मोटांच्या विहिरीसारख्या मोठ्या विहिरींचे पाणी मोटेने व पुढे इंजिनाने सतत उपसले जाई आणि तितकेच नवे पाणी झऱ्यांतून आत येई. नदीचे पाणी तर वाहतेच असते. कृत्रिम तलावाचे तसे नाही. त्यात एकदा भरलेले पाणी महिनोन् महिने तेच राहते आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरील घाम, तेल, त्वचेचे कण, केस, धूळ व पाने त्यात साठत जातात. झऱ्याने व प्रवाहाने जे काम आपोआप होते, ते येथे पंप, वाळू व क्लोरीन यांच्याकडून करून घ्यावे लागते. यांपैकी एक जरी थांबले, तरी तलाव म्हणजे केवळ साचलेले पाणी उरते.

इतिहास : वाळू पाणी गाळते, हे ज्ञान फार जुने आहे. माण, येरळा यांसारख्या उन्हाळ्यात आटणाऱ्या नद्यांच्या पात्रात झिरे खणून वाळूतून पाझरलेले नितळ पाणी वाटीने उपसून घेण्याची रीत माण, खटाव, आटपाडी या भागांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. गढूळ पाण्यात निवळीच्या बिया उगाळून घालण्याची पद्धतही महाराष्ट्रात रूढ होती. पात्रातील वाळूच्या बेसुमार उपशामुळे अनेक ठिकाणी झिरे नाहीसे झाले. वाळू पाणी गाळते त्याप्रमाणे ते साठवूनही ठेवते, ही गोष्ट या भागातील शेतकरी चळवळीने ओळखली होती. सांगली जिल्ह्यात येरळेवर १९८० नंतरच्या दशकात ग्रामस्थांनी उभारलेल्या बळीराजा धरणाच्या मागे वाळूच्या उपशाविरुद्धचा लढाही होता.

नगराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूचा पद्धतशीर उपयोग यूरोपात सुरू झाला. स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे जॉन गिब यांनी १८०४ मध्ये आणि लंडन येथील चेल्सी जलकंपनीसाठी जेम्स सिम्प्सन यांनी १८२९ मध्ये गाळण्या बांधल्या. त्यांचे महत्त्व १८९२ मधील पटकीच्या साथीने जगाला पटवून दिले. एल्ब नदीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्या हँबर्ग शहरात तेव्हा आठ हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. परंतु त्याला लागूनच, प्रवाहाच्या खालच्या अंगास असलेले व हँबर्गच्या सांडपाण्याने दूषित झालेले तेच पाणी वाळूतून गाळून घेणारे आल्टोना शहर बहुतांशी वाचले. या घटनेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. पुढच्याच हिवाळ्यात आल्टोना येथेही रोगाचा लहानसा उद्रेक झाला आणि रॉबर्ट कॉख यांनी त्याचे मूळ एका गाळणीपर्यंत नेऊन पोहोचविले. कडाक्याच्या थंडीत ती स्वच्छ करीत असता तिची वाळू गोठली होती व नंतर तिच्यातून पाणी नीट गाळले जात नव्हते. ज्या गाळणीने शहर वाचविले, तीच देखभालीतील चुकीमुळे धोक्याची ठरली.

या सर्व मंदगती गाळण्या होत. त्यांतून पाणी तासाला केवळ १०–२० सेंमी. वेगाने खाली उतरते आणि वाळूच्या पृष्ठावर वाढणारा सूक्ष्मजीवांचा साका जंतू टिपून घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत शीघ्र गाळण्या प्रचारात आल्या. त्यांत पाण्यात आधी तुरटी मिसळतात व वाळू साफ करण्यासाठी पाण्याचा प्रवाह उलटा फिरवितात. पोहण्याच्या तलावाची बंदिस्त गाळणी ही याच शाखेची, पण तिच्याहून कितीतरी वेगवान अशी आवृत्ती आहे. तलावाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन वापरण्याचा प्रारंभीचा प्रयोग अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावात १९१० च्या सुमारास झाला.

रचना व कार्य : घरगुती तलावाची गाळणी काचतंतूने बळकटी आणलेल्या प्लॅस्टिकची किंवा पोलादी असून तिचा व्यास सामान्यतः ५०–९० सेंमी. असतो. तलावातील पाणी प्रथम केस व पाने अडविणाऱ्या जाळीच्या टोपलीतून पंपात जाते व तेथून दाबाखाली टाकीच्या माथ्याशी येऊन वाळूवर पसरते. वाळूचा थर ओलांडून ते तळाशी चक्राच्या आऱ्यांसारख्या बसविलेल्या, बारीक खाचा असलेल्या नळ्यांत शिरते आणि मधल्या उभ्या नळीने बाहेर पडून तलावाकडे परतते. बऱ्याच टाक्यांत या नळ्या बारीक खडीच्या थरात पुरलेल्या असतात. टाकीच्या माथ्यावर किंवा कुशीला एक बहुमार्गी झडप असते. तिची मूठ फिरवून गाळणे, उलट धुणे, खळाळणे (धुतल्यानंतरचे पहिले पाणी बाहेर सोडणे), पाणी गाळणीत न नेता बाहेर टाकणे, नुसते फिरविणे व बंद करणे अशा निरनिराळ्या क्रिया साधता येतात. दाबमापक व बाहेर जाणारे पाणी दिसावे म्हणून बसविलेली काचेची लहान नळी हे या यंत्रणेचे दोन डोळे होत.

वाळू चाळणीसारखी काम करते, हा समज अर्धाच खरा आहे. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचे गोल कण घट्ट रचले असता त्यांमधील सर्वांत अरुंद वाट सु. ७०–८० मायक्रोमीटर, म्हणजे साधारणपणे माणसाच्या केसाच्या जाडीइतकी असते. त्याहून लहान कण चाळले जात नाहीत. ते वाकड्यातिकड्या वाटांतून जाताना वाळूच्या कणांवर आदळतात, चिकटतात किंवा संथ कोपऱ्यांत बसतात. आधी अडकलेला मळ नंतर येणाऱ्या मळाची वाट आणखी अरुंद करतो. यामुळे नुकत्याच धुतलेल्या वाळूपेक्षा थोडी मळलेली वाळू अधिक नितळ पाणी देते. वारंवार धुण्याच्या उत्साहाने पाणी तर वाया जातेच, शिवाय गाळणीचे कामही बिघडते. उलटपक्षी मळ फार साचला की विरोध वाढतो, पाण्याचा प्रवाह घटतो आणि दाबाखाली आधी अडकलेले कण खाली ढकलले जाऊ लागतात. देखभालीची सारी कला या दोन टोकांच्या मधला क्षण ओळखण्यात आहे.

एक साधे उदाहरण घेता येईल. ८ मी. लांब, ४ मी. रुंद व सरासरी १·४ मी. खोल तलावात सु. ४५ घ. मी. (४५,००० लि.) पाणी मावते. ते सहा तासांत एकदा फिरावयाचे तर पंपाने ताशी ७·५ घ. मी. पाणी दिले पाहिजे. ६० सेंमी. व्यासाच्या टाकीतील वाळूचे क्षेत्रफळ ०·२८ चौ. मी. भरते, म्हणजे गाळण्याचा वेग ताशी सु. २६ मी. होतो. मंदगती गाळणीच्या मानाने हा शंभरपटींहून अधिक आहे. शिवाय गाळलेले पाणी तलावातील न गाळलेल्या पाण्यात लगेच मिसळत असल्याने सहा तासांच्या एका फेरीत सर्व पाणी गाळणीतून जात नाही. पूर्ण मिसळण गृहीत धरल्यास एका फेरीत सु. ६३%, दोन फेऱ्यांत ८६% व तीन फेऱ्यांत ९५% पाणी गाळले जाते. दिवसातून दोन तास पंप चालवून विजेची बचत करणाऱ्यांचा तलाव हिरवा का पडतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. वीजकपातीच्या काळात तर पंपाचे तास आधीच कमी होतात. तेव्हा वीज असेल त्या वेळात ते भरून काढावे लागतात.

वाळूची निवड : सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे दक्षिणेच्या काळ्या पाषाणाच्या (बेसाल्टाच्या) प्रदेशात मोडतात. या खडकात मुक्त क्वॉर्ट्झ जवळजवळ नसते. त्यामुळे कृष्णा, कोयना, वारणा व येरळा यांच्या पात्रातील वाळूत बेसाल्टाचे काळपट तुकडे, झिओलाइटे, कॅल्सेडोनीसारखी गारेची खनिजे व चुनखडीचे कंकर यांचे मिश्रण आढळते. बांधकामास ती चालते, गाळणीस नाही. बेसाल्टाचे कण झिजून त्यांची माती होते आणि चुनखडी अम्लधर्मी पाण्यात विरघळून पुन्हा इतरत्र साचते. गाळणीसाठी स्वच्छ, कठीण व टोके झिजलेली सिलिका वाळूच घ्यावी लागते. तिचे कणमान ०·४५–०·७० मिमी. असावे व कण शक्यतो एकाच आकाराचे असावेत. भारतीय मानकानुसार तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लात चोवीस तास ठेवल्यावर तिचे वजन पाच टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. घरी याची कामचलाऊ परीक्षा चमचाभर वाळूवर लिंबाचा रस किंवा सौम्य अम्ल टाकून करता येते. फसफस दिसली तर तीत चुना आहे.

या भागास जवळचा मोठा साठा घाट उतरून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात आहे. तेथील सिलिका वाळू कोल्हापूर भागातील ओतशाळांना जाते. ओतशाळेत वापरून झालेली वाळू स्वस्तात मिळते म्हणून ती गाळणीत भरण्याचा मोह होतो. परंतु तिच्या कणांवर राळेचा व कोळशाचा लेप असतो आणि ती गाळणीस पूर्णपणे अयोग्य आहे. दख्खनच्या पठारात झिओलाइटे विपुल असली, तरी गाळणमाध्यम म्हणून विकले जाणारे झिओलाइट निराळ्या जातीचे (क्लिनॉप्टिलोलाइट) असते. येथील खडकांत सापडणारे सुंदर स्फटिक त्याच्याऐवजी वापरता येत नाहीत. भरडलेली काच हा दुसरा पर्याय अलीकडे पुढे आला आहे.

उलट धुणे : वाळू नवी असताना किंवा नुकतीच धुतलेली असताना दाबमापकावर जो आकडा दिसतो, तो लिहून ठेवणे ही देखभालीची पहिली पायरी होय. पुष्कळ तलावांवर हा आकडा कोणालाच ठाऊक नसतो आणि मग गाळणी आठवड्याच्या वारावर धुतली जाते. मूळ दाबापेक्षा ०·५–०·७ किग्रॅ./चौ. सेंमी. वाढ दिसली की गाळणी धुण्यास योग्य झाली असे समजतात. दाब मूळ आकड्याच्या खाली गेला, तर दोष बहुधा वाळूत नसून पंपापूर्वीची टोपली पाल्याने भरल्याचे किंवा तलावातील पाण्याची पातळी घटल्याने पंप हवा ओढत असल्याचे ते लक्षण असते.

धुताना प्रथम पंप बंद करतात. पंप चालू असताना बहुमार्गी झडपेची मूठ फिरविल्यास तिच्या आतील रबरी चकती कापली जाते आणि पुढे पाणी गाळणीला वळसा घालून मळासकट तलावात परतू लागते. बाहेरून पाहता सर्व काही ठीक दिसत असल्याने हा बिघाड दिवसेंदिवस लक्षात येत नाही. मूठ ‘बॅकवॉश’वर आणून पंप सुरू करताच पाणी तळाकडून वर चढते, वाळूचा थर फुगतो, कण एकमेकांवर घासले जातात व सुटलेला मळ बाहेर पडतो. काचेच्या नळीत आधी तपकिरी, मग राखाडी व शेवटी स्वच्छ पाणी दिसते. यास दोन ते तीन मिनिटे लागतात. त्यानंतर पुन्हा पंप थांबवून मूठ खळाळण्याच्या खुणेवर आणतात व अर्धा ते एक मिनिट पाणी बाहेर सोडतात. ही पायरी गाळली तर तळनळ्यांत शिरलेला मळ थेट तलावात जातो आणि धुतल्यानंतरच पाणी गढूळ झाल्याचे आश्चर्य मालकास वाटते. शेवटी पंप थांबवून मूठ गाळण्यावर आणतात, पंप चालू करतात व दाब पुन्हा टिपून ठेवतात.

वाळू खरोखर फुगते की नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मध्यम कणांच्या वाळूचा थर १५–२०% फुगण्यास वर चढणाऱ्या पाण्याचा वेग ताशी सु. ४० मी. असावा लागतो. वरील उदाहरणातील पंप जेमतेम ताशी २६ मी. वेग देतो. म्हणजे मोठ्या टाकीला लहान पंप जोडल्यास गाळणे उत्तम होते, पण धुणे अपुरे राहते व वरचा हलका मळ तेवढा निघून जातो. यात हवामानाचाही भाग आहे. कोमट पाण्याची श्यानता (दाटपणा) थंड पाण्याहून कमी असल्याने तेच कण उचलण्यास त्याला अधिक वेगाने वाहावे लागते. यूरोपातील १५° से. पाण्यासाठी दिलेले आकडे सांगलीच्या २८–३०° से. पाण्यास अपुरे पडतात. पंप व टाकी यांची जोडी खरेदीच्या वेळीच या दृष्टीने पाहणे इष्ट असते.

पाण्याचा हिशेब : पुरेशा वेगाने तीन मिनिटे धुण्यास व नंतर खळाळण्यास वरील टाकीला प्रत्येक वेळी सु. ६०० लि. पाणी लागते. कोयना व कृष्णेच्या काठी हा आकडा लहान वाटेल. जत, आटपाडी, कवठे महांकाळ, माण व खटाव या तालुक्यांत तो तसा नाही. तेथे टेंभू, म्हैसाळ, ताकारी यांसारख्या उपसा योजनांमधून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून आणावे लागते व अनेक गावांनी उन्हाळे टँकरवर काढले आहेत. अशा ठिकाणी खाजगी तलाव असावा काय, हा प्रश्न तांत्रिक नव्हे. असलाच तर दाब पाहून धुणे आणि बाष्पीभवन रोखणे एवढे तरी मालकाच्या हाती असते. दिवसाला ८ मिमी. बाष्पीभवन धरल्यास वरील तलावातून उन्हाळ्यात रोज सु. २५० लि. पाणी उडून जाते. म्हणजे आठवड्याची ही तूट गाळणी एकदा धुण्याच्या सु. तिप्पट होते. वापर नसताना तलावावर आच्छादन घातल्यास तिचा बराच भाग वाचतो.

धुतलेले पाणी कोठे सोडावे, यालाही महत्त्व आहे. त्यात मळाबरोबर क्लोरीन व क्लोराइडे असतात. ते ओढ्यात, विहिरीजवळ किंवा मैल्याच्या टाकीत सोडू नये. मैल्याच्या टाकीतील उपयुक्त जंतू त्याने मरतात. उघड्या खड्ड्यात एक-दोन दिवस उन्हात ठेवले की क्लोरीन उडून जाते व गाळ तळाशी बसतो. मग ते पाणी नारळासारख्या क्षार सोसणाऱ्या झाडांना देता येते. तासगाव भागातील द्राक्षबागांना मात्र ते देऊ नये, कारण द्राक्षवेल क्लोराइडास फार नाजूक असते. मिरज, वाळवा व पलूस या तालुक्यांतील नदीकाठच्या काळ्या जमिनी अतिसिंचनाने आधीच क्षारपड झाल्या आहेत. तेथेही हीच काळजी घ्यावी लागते.

वाळूचे विकार : सर्वांत सामान्य विकार तेलाचा आहे. डोक्याला लावलेले खोबरेल, अंगाचा स्निग्धपणा व उन्हासाठी चोपडलेली मलमे वाळूच्या कणांवर बसतात आणि त्यांवर मळ चिकटून सुपारीएवढे चिखलाचे गोळे बनतात. ते जड झाले की उलट प्रवाहानेही हलत नाहीत; वाळूत खोल जाऊन बसतात व पाणी त्यांना वळसा घालून ठराविक वाटांनी वाहू लागते. अशा वाटा पडल्या की दाब मुळीच वाढत नाही आणि गाळणी उत्तम चालली आहे असा भ्रम होतो. यासाठी वर्षातून एकदा झाकण उघडून वाळू हाताने चाचपून पाहणे आवश्यक असते. निरोगी वाळू सपाट, सुटी व खरखरीत लागते. भेगा, खळगे, गोळे किंवा चिकटपणा आढळल्यास वाळूच्या तेलमळासाठी तयार मिळणारे क्षारधर्मी धावक टाकीत घालून रात्रभर भिजत ठेवतात व सकाळी भरपूर उलट धुतात. तलावात उतरण्यापूर्वी साबण लावून केलेली आंघोळ या साऱ्या खटाटोपाहून स्वस्त पडते. नियमाच्या पाट्या सर्वत्र असतात. त्यांचे पालन फारसे होत नाही.

दुसरा विकार चुन्याचा. बेसाल्टातील विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमाची बायकार्बोनेटे असतात. बाष्पीभवनाने पाणी उडते व क्षार मागे राहतात. वरून तेच पाणी भरत राहिल्याने जडपणा सतत वाढतो. अशात पीएच मूल्य ७·८ च्या वर गेले की कॅल्शियम कार्बोनेट वाळूवर साचून कण एकमेकांना जोडले जातात आणि काही वर्षांत टाकीत वाळूऐवजी ठिसूळ दगडाची लगदी उरते. कॅल्शियम हायपोक्लोराइटाच्या (विरंजक चूर्णाच्या) सततच्या वापराने यात भर पडते. पीएच मूल्य ७·२–७·६ च्या दरम्यान राखणे हा खरा उपाय. थर कोवळा असेल तर सौम्य अम्लाने तो विरघळविता येतो. मात्र धातूच्या टाकीत हा प्रयोग करू नये. दगड झालेली वाळू काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते.

तलावाच्या तळाशी परत येणाऱ्या नळीजवळ वाळूची बारीक रांगोळी दिसू लागली, तर तळनळी फुटली आहे असे समजावे.

पावसाळा व पूर : जून ते सप्टेंबर या काळात तलावाचा फारसा उपयोग होत नसला, तरी गाळणी बंद ठेवणे घातक असते. ओल्या, मळक्या वाळूत पाणी स्थिर राहिले की ऑक्सिजन संपतो, कुजका वास सुटतो व जंतूंचा चिकट लेप कणांवर पसरतो. स्थिर तलावात डासांची पैदास होते, ती वेगळीच. रोज थोडा वेळ का होईना, पंप चालवावा; ते शक्य नसल्यास गाळणी धुऊन पूर्ण निचरा करून ठेवावी.

भरावयाचे पाणी पावसाळ्यात नदीतून घेतले असेल, तर त्यातील काळ्या मातीचे कलिल (अतिसूक्ष्म) कण वाळूत अडकत नाहीत. ते तुरटीने साखळून मोठे करावे लागतात. तुरटी गाळणीतून फिरविण्याऐवजी तलावात मिसळून, पंप थांबवून, रात्रभर गाळ खाली बसू द्यावा व तो झडप ‘बाहेर टाकणे’ या खुणेवर ठेवून थेट काढून टाकावा, हे उत्तम. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी तेथे ५७ फुटांपर्यंत चढले. २००५ व २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले होते. पुराचे पाणी ज्या गाळणीत शिरले, तिच्या वाळूत मैला, इंधन व शेतीतील विषारी द्रव्ये उतरलेली असू शकतात. ती धुऊन वापरू नये. वाळू टाकून द्यावी, टाकी निर्जंतुक करावी आणि पंपाची विद्युत् जोडणी जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज सुरू करू नये.

आरोग्य : वाळू पाणी निवळते, निर्जंतुक करीत नाही. क्लोरिनाची मुक्त मात्रा दर लिटरला १–३ मिग्रॅ. असल्यास बहुतेक जंतू काही मिनिटांत मरतात. परंतु सांगलीच्या कडक उन्हात, सायन्यूरिक अम्लासारखा स्थिरकारक नसेल तर, ही मात्रा काही तासांत उडून जाते. मळलेल्या वाळूत क्लोरीन मळावरच खर्ची पडून जंतूंना आसरा मिळतो. गढूळ पाण्याचा आणखी एक धोका अगदी ढोबळ आहे : तळाशी गेलेला मनुष्य काठावरून दिसत नाही. सर्वांत खोल भागातील तळ स्पष्ट दिसत नसेल, तर तलाव बंद ठेवणे हा जगभर मान्य झालेला नियम आहे.

क्लोरिनाला न जुमानणाऱ्या जंतूंत क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसाराचा परजीवी प्रमुख होय. त्याची ४–६ मायक्रोमीटरची कवचधारी पुटी दर लिटरला १ मिग्रॅ. क्लोरिनात सु. दहा दिवस तग धरते आणि तुरटीच्या साहाय्याशिवाय वाळूतून सहज निसटते. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये नगराच्या वाळू गाळण्यांचे काम बिघडून या परजीवीने सु. चार लाख लोकांना ग्रासले. जुलाब होत असलेल्या मुलास तलावात न उतरविणे, हाच येथे सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून बहुधा प्राणघातक ठरतो; केरळात २०२४ मध्ये मुलांचे असे मृत्यू झाले.

सुरक्षितता : गाळणीची टाकी दाबाखाली असते. पाणी दाबले जात नाही, पण त्यावर अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते. झाकण नीट न बसता पंप सुरू केल्यास ते तोफेच्या गोळ्याप्रमाणे उडून प्राणांतिक इजा होऊ शकते. म्हणून टाकी उघडून बंद केल्यावर माथ्यावरील हवेची लहान झडप उघडी ठेवावी, तिच्यातून पाण्याची धार येईपर्यंत टाकीवर वाकून उभे राहू नये. क्लोरिनाची निरनिराळी चूर्णे एकमेकांत कधीही मिसळू नयेत. ट्रायक्लोर व कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आल्यास आग लागते किंवा स्फोट होतो. अम्ल पाण्यात ओतावे, पाणी अम्लात नव्हे.

वाळू बदलणे : चांगल्या निगेत वाळू पाच ते सात वर्षे टिकते, जड पाण्याच्या भागात त्याहून कमी. ६० सेंमी. व्यासाच्या टाकीस सु. १५० किग्रॅ. वाळू लागते. जुनी वाळू ओली असतानाच, फावड्याने नव्हे तर हाताने किंवा डब्याने काढावी, कारण तळनळ्या ठिसूळ असतात व त्यांना सहज तडा जातो. त्या धुऊन खाचा मोकळ्या कराव्यात, मधल्या नळीचे तोंड कापडाने बांधावे आणि टाकी निम्मी पाण्याने भरून मगच नवी वाळू हळूहळू सोडावी. पाण्यातून पडल्याने तिचा आघात कमी होतो. वाळूच्या वर फुगण्यासाठी टाकीच्या उंचीचा सु. एक तृतीयांश भाग रिकामा ठेवतात. कोरडी सिलिका वाळू ओतताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकामयता (सिलिकोसिस) हा असाध्य रोग होऊ शकतो. मालकास हा प्रसंग पाच वर्षांतून एकदा येतो, परंतु हेच काम दर आठवड्यास निरनिराळ्या तलावांवर करणाऱ्या मजुरास तो वर्षभर येत असतो. त्याला धूळरोधक मुखपट्टी देणे व वाळू ओली करूनच हाताळू देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. काढलेली जुनी वाळू भरपूर पाण्याने धुऊन वाटांवर किंवा पायाच्या भरावात घालता येते. मुलांच्या खेळण्याच्या जागी ती पसरू नये.